धर्माकाकांची मोगरी

धर्माकाकांच्या कानाची गोष्ट मी फोडली. हे आधीच सांगून टाकतो. पुढे त्यांच्याविषयी चांगलं बरंच लिहिणार आहे, आणि ते लिहिणारा माणूस कोण आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असलेलं बरं. ती गोष्ट त्यांनी फक्त मला सांगितली होती. मी ती बोईसर स्टेशन ते शाळा एवढ्या प्रवासात दुसऱ्याच्या हवाली केली.

मी मूळचा माकुणसारचा. घिवलीच्या अलीकडे, समुद्राला लागून असलेल्या एका गावात गणित शिकवतो. शाळा गावच्याच शिक्षण संस्थेची. संस्थेचे सभासद म्हणजे बहुतेक मासेमारी करणारी घरं, आणि दर पाच वर्षांनी ती आपली कार्यकारिणी मत देऊन निवडतात. मी नोकरीला लागलो तेव्हा धर्माकाका कार्यकारिणीत होतेच. त्यानंतरही, एक शेवटची सोडली तर, प्रत्येक निवडणुकीत ते निवडून आले. ते होड्या बांधणारे सुतार. स्वतः शाळा चौथीपर्यंतच शिकलेले.

माझ्या पहिल्याच महिन्यात मी फळ्यावर त्रिकोण काढत होतो आणि मागच्या भिंतीवर कुणीतरी ठोकू लागलं. टक्, टक्, टक्. वळून पाहिलं तर अर्धी चड्डी, पांढरी बंडी घातलेला एक माणूस हातात लाकडी मोगरी घेऊन वर्गात शिरला होता. त्याने खांब वाजवला, खिडकीची चौकट वाजवली, बाकावर चढून बीम वाजवला, आणि जाताना मला म्हणाला, "शिकवा, शिकवा मास्तर. तुमचा खांब बरा हाय." मुलं फिदीफिदी हसली. "डॉक्टर आले होते सर," एक जण म्हणाला.

दर सभेआधी धर्माकाका असे सगळ्या खोल्या वाजवत फिरत. होडी ओढून किनाऱ्यावर घेतली की तिची फळी न् फळी अशीच वाजवायची असते. आत कुजलेली फळी वरून चांगली दिसते, आवाजात मात्र पकडली जाते. काकांनी ती सवय शाळेला लावली होती. बाकीचे सभासद सभेत चहा येईपर्यंत गप्पा मारत. काका आल्या आल्या सांगत, "दोन नंबरची चौकट बदला. मुतारीचा पत्रा यंदा टिकणार नाय." आणि ते तसंच व्हायचं.

"दर्या मासळी देतो मास्तर, पन खारं वारंपन देतो," ते म्हणत. "वारं लोखंड खातं. आवाज न करता खातं. म्हनून आपन आवाज करायचा."

गावात फायबरच्या होड्या आल्या आणि त्यांचं काम सुटलं. त्यांना त्याचा राग नव्हता. "फायबर मुकं," एवढंच म्हणायचे. मग त्यांचा सगळा जीव शाळेतच अडकला. रोज सकाळी फाटकाशी येऊन उभे राहायचे. उशिरा येणाऱ्या पोरांना दटावायचे, "काय रे, बापाची होडी तुझ्यासाठी थांबते काय?"

एका सकाळी ते टोलाच्या अगदी खाली उभे होते. आमच्याकडे टोल म्हणजे रुळाचा तुकडा. शिपायाने तो बडवला. मी पाच हातांवर असून माझे खांदे उडाले. काकांच्या उजव्या कानापासून टोल हातभर लांब होता, आणि त्यांची पापणीसुद्धा हलली नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाहिलंय हे त्यांना कळलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "उजवा गेलाय. दोन वरसं झाली. डावा चालतो थोडा. कुनाला बोलू नको. निवडनूक हाय."

"पण काका, मग खांबांचं कसं कळतं?"

ते हसले. मला आठवीच्या वर्गात, चार नंबरच्या खोलीत घेऊन गेले. वर्ग मैदानावर होता. आधी त्यांनी माझा डावा तळवा खांबावर ठेवला आणि उजव्या हातात मोगरी दिली. "वाजव." मी वाजवलं. तळव्याला एक टणक धक्का बसला. मग मला बाकावर चढवून मधल्या बीमवर तळवा ठेवायला लावला. "आता वाजव." हाताला काहीच आलं नाही. ठोका आत गेला आणि आतच राहिला.

"ताज्या मासळीवर बोट दाबलं तर मांस वर येतं," काका म्हणाले. "शिळ्यावर खळगा तसाच राहतो. हा बीम शिळा हाय मास्तर. कान माझा नुसता सोबतीला होता. आयकायचं काम तळव्याचंच."

चार खोल्यांची ती इमारत विलासशेठने बांधली होती. त्याची रेतीची, विटांची आणि बांधकामाची कामं बोईसरपर्यंत चालत. काकांनी सभेत चार नंबरची खोली बंद करायला सांगितलं तेव्हा विलासशेठ हसला होता. पण त्याच महिन्यात त्याने काकांच्या जागेसाठी अर्ज भरला.

तेव्हा मुख्याध्यापक निवृत्त होणार होते. त्या जागेसाठी आम्ही दोघं शिक्षक होतो आणि निर्णय येणारी कार्यकारिणी घेणार होती. एका सकाळी बोईसर स्टेशनाबाहेर मी रिक्षाची वाट पाहत असताना विलासशेठची गाडी थांबली. "बसा सर, तिकडेच चाललोय." गाडीत थंड हवा होती. त्याने घरची चौकशी केली, माझ्या शिकवण्याचं कौतुक केलं. मग सहज म्हणाला, "म्हातारा काठी ठोकतो आणि अख्खं गाव मान डोलावतं. कमाल आहे ना?"

मी गप्प बसू शकलो असतो. त्याने मला काही विचारलंही नव्हतं. पण त्या खुर्चीचा विचार माझ्या डोक्यात होता, आणि त्याला खूष करण्यासारखं एक वाक्य माझ्याजवळ होतं.

"त्यांना उजव्या कानाने काहीच ऐकू येत नाही," मी म्हणालो.

विलासशेठने गाडीतलं गाणं बंद केलं. शाळेच्या फाटकाशी उतरलो तर काका नेहमीप्रमाणे उभे. "काय मास्तर, आज गाडीतून?" म्हणाले आणि माझी पिशवी धरायला हात पुढे केला.

मतदानाआधीच्या रविवारी समाजमंदिरात सगळे जमले. आमच्याकडे उमेदवाराने लोकांसमोर उभं राहून बोलायचं आणि लोकांनी विचारायचं, अशी रीत आहे. काका मोगरी घेऊनच आले होते. म्हणाले, "मला मत द्या नायतर नका देऊ. पन चार नंबरच्या खोलीत पोरांना बसवू नका. तिचा बीम मेलाय."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. तेवढ्यात विलासशेठ उठून काकांच्या उजव्या अंगाला जाऊन उभा राहिला. साध्या आवाजात, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "काका, तुमच्या पायाशी विंचू आहे."

पुढच्या बायकांनी पाय वर घेतले. पोरं बाकांवर चढली. काका मात्र जागचे हलले नाहीत. समोर बघत उभे होते.

आधी एक जण हसला, मग सगळेच. लोक का हसतायत ते काकांना कळलं नाही. त्यांना वाटलं काहीतरी गंमत झाली, म्हणून तेही हसले. ते हसू मला अजून दिसतं.

"ज्याला विंचू ऐकू येत नाही," विलासशेठ म्हणाला, "त्याला माझा बीम ऐकू येतो!"

कुणीतरी काकांच्या डाव्या कानाशी जाऊन झाला प्रकार सांगितला. त्यांचं हसू हळूहळू गेलं. मग ते गर्दीत कुणालातरी शोधू लागले. मी खांबाच्या आड सरकलो. त्यांचा तळवा खरं सांगतो हे त्या समाजमंदिरात फक्त मला माहीत होतं. माझ्या स्वतःच्या तळव्याने ते अनुभवलं होतं. उठून एवढंच सांगायचं होतं. मी उठलो नाही.

काका हरले. मी मुख्याध्यापक झालो. कार्यकारिणीने चार नंबरच्या खोलीला पिवळा रंग दिला आणि बीमवर तोवर उमटलेली बारीक भेग त्याखाली गेली. काका फाटकाशी यायचे बंद झाले. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडली त्या दिवशी त्यांची बायको, ताराकाकू, मासळीची टोपली घेऊन बाजाराला जाताना माझ्या खोलीत आली आणि टेबलावर मोगरी ठेवून गेली. "म्हनाले, मास्तरला दे. त्याला वाजवता येते."

ती मोगरी महिनाभर माझ्या टेबलावर होती. मी तिच्यावर हजेरीपट ठेवायचो, म्हणजे दिसायला नको. वारा उलटा फिरला की चार नंबरच्या खोलीतून बारीक रेती पडल्यासारखा आवाज येई. आठवीची मुलं वहीवरची धूळ फुंकून लिहीत. मी दारापर्यंत जायचो आणि परत यायचो. खोली बंद केली तर बंद का केली हे सांगावं लागलं असतं. आणि ते सांगताना, मला आधीपासून माहीत होतं हेही सांगावं लागलं असतं.

मग एका सकाळी सगळी शाळा मैदानावर प्रार्थनेला उभी असताना आतून आवाज झाला. फार मोठा नव्हता. होडीतून नांगर खडकावर टाकावा तसा. मी धावलो. बीमचा हातभर तुकडा खाली आला होता, वर गंजलेले गज उघडे पडले होते आणि तिसऱ्या बाकाची फळी मधोमध तुटली होती. माझ्या मागोमाग एक मुलगी दारात आली होती.

"सर," ती म्हणाली, "ही माझी जागा."

मी खोलीला कुलूप लावलं, मुलांना समाजमंदिरात बसवलं, आणि विलासशेठचा फोन वाजत असताना तो न उचलता मोगरी घेऊन काकांच्या घराकडे निघालो.

अंगणात बांबूंवर बोंबील वाळत टांगलेले होते. ताराकाकू आणि शेजारच्या चारपाच बायका ते उलटत होत्या. काका ओटीवर बसले होते. मी जवळ जाऊन, डाव्या बाजूला बसून, हळू म्हणालो, "काका, माझं चुकलं."

"काय?"

मी पुन्हा म्हणालो, तसंच हळू.

"मास्तर, आता डावापन गेलाय," ताराकाकू तिकडून म्हणाली. "ओरडून बोला."

मी खिशातून पेन काढलं. काकांना जोडून जोडून वाचता येत होतं. चार ओळी लिहिल्या असत्या तर अंगणातल्या कुणालाच काही कळलं नसतं. काकांनी माझ्या पेनाकडे पाहिलं आणि मान हलवली.

"कागद नको. बोल. मोठ्यान बोल."

बायकांचे हात थांबले. शेजारच्या ओटीवर जाळं विणणारा एक जण मान वर करून पाहू लागला. मी मोगरी काकांच्या मांडीवर ठेवली, उठून उभा राहिलो, आणि वर्गातसुद्धा कधी काढला नव्हता एवढा आवाज काढून ओरडलो, "काका, तुमच्या कानाचं मी सांगितलं! विलासशेठला मीच सांगितलं, खुर्चीसाठी! तुमचा तळवा खरा होता, मला माहीत होतं, आणि मी खांबामागे लपलो! मला माफ करा!"