उंबऱ्याबाहेरचा दुभाषा

हॉटेलात बाकावर अमेरिका बसली होती आणि बाहेर दगडावर मी. मध्ये उंबरा.

अमेरिका म्हणजे पीटर. उंच, तांबूस दाढी, पायात मोटारीच्या टायरच्या चपला. आतली माणसं मराठीत बोलायची ते मी बाहेरून इंग्रजीत ओरडून सांगायचो. तो इंग्रजीत बोलायचा ते मान आत घालून मराठीत सांगायचो. मान तेवढी आत. बाकीचा मी बाहेर.

हॉटेलवाला शंकरतात्या किटली घेऊन उंबऱ्यापर्यंत आला. भिंतीच्या बाहेरच्या कोनाड्यात एक कान तुटलेला कप होता. आमच्या वस्तीतल्या माणसांचा. मी तो काढला, विसळला आणि पुढं धरला. तात्यानं हातभर वरून चहाची धार सोडली. थोडा कपात, थोडा मनगटावर.

"भाजलं का रं?"

"न्हाई, तात्या."

"मग बोल की. साहेब काय म्हंतोय?"

साहेब म्हणत होता, तू आत का येत नाहीस?

मी बी.ए.ला इतिहास घेतलेला. सांगलीला विश्रामबागेत कॉलेजात होतो, सुट्टीला गावी आलेलो. विट्याजवळचं आमचं गाव. इंग्रजी येणारा गावात मी एकटाच, त्याची मला भारी घमेंड. आणि अशा हुशार माणसानं काय उत्तर द्यावं? मी म्हणालो, "मला मोकळी हवा आवडते."

"आणि तो कप?"

"तो खास कप आहे. शिकलेल्या माणसांसाठी."

हे मी का बोललो? लाज वाटली म्हणून. पाहुण्यासमोर स्वतःचं घर झाकावं तसं मी स्वतःचा अपमान झाकला. आतल्या कुणाला इंग्रजी कळत नव्हतं, त्यामुळं माझी थाप कुणी पकडली नाही. पीटरनं कपाकडं मोठ्या आदरानं पाहिलं. मला वाटलं, वा गड्या, निभावलं.

पीटर आमच्याकडच्या गलाईवाल्यांचा अभ्यास करायला आलेला. गलाई म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचा धंदा. आमच्या भागातली माणसं त्यासाठी कुठं कुठं लांब गेलेली. आबांचे दोघे भाऊ मद्रासकडं गलाईत होते. आबा म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. पीटर त्यांच्याच माडीवर उतरलेला आणि त्यांच्याच घरी जेवायचा. माणसांशी बोलायला दुभाषा हवा, म्हणून आबांनी वस्तीतनं मला बोलावणं धाडलं. मी धावतच गेलो. वाऱ्यावर तरंगत गेलो म्हटलं तरी चालेल.

त्याला कारण होतं. अमेरिका हा माझा देव होता. आमच्या घरात भिंतीवर ज्यांची तसबीर होती ते त्याच देशात शिकून आले होते. आमच्या समजुतीनं तिथं माणसाला फक्त माणूस म्हणत. आणि कॉलेजात अमेरिकेच्या इतिहासाचा पेपर होता. इंग्रजांच्या राजाला लाथ मारून त्या लोकांनी जो जाहीरनामा काढला त्याची सुरुवात मला तोंडपाठ होती. सगळी माणसं समान जन्माला आली आहेत, हे सत्य आम्ही उघड मानतो. हे मी अंघोळ करताना म्हणायचो, शेरडं हाकताना म्हणायचो. शेरडांना पटायचं.

पीटरला पहिल्याच दिवशी मी ते इंग्रजीत म्हणून दाखवलं. तो थांबला आणि त्यानं मला मिठी मारली. भर रस्त्यात. मला इतक्या जवळ घेणारा आमच्या वस्तीबाहेरचा तो पहिला माणूस.

पण साहेबाला त्या वर्षी घोर लागलेला. लढाई हरले होते, राष्ट्राध्यक्षानं खोटं बोलून खुर्ची सोडलेली, पेट्रोलला रांगा लागल्या म्हणे. ओढ्याच्या पुलावर बसून तो म्हणायचा, "दोनशे वर्षं झाली आम्हाला. मला वाटतं, आम्ही संपलो." कॉलेजात असताना तो काळ्या लोकांच्या मोर्चात चालला होता, पोलिसांची लाठी खाल्ली होती. खांद्यावरचा वण त्यानं मला दाखवला.

मी त्याला धीर दिला. कुठल्या विहिरीवर पाणी भरायचं हे ज्याला गाव ठरवून देतं, तो मी. तोच मी अमेरिकेची पाठ थोपटून म्हणालो, "साहेब, तुमच्या देशाला काही होत नाही. तुमच्याकडं ते वाक्य आहे." आणि मला ते खरंच वाटत होतं.

सांगलीला आमच्या इतिहासाच्या सरांना मी पत्र टाकलं. अमेरिकेला दोनशे वर्षं झाली, आपल्याकडं एक अस्सल अमेरिकन आहे, जुलैत त्याचं भाषण ठेवू, भाषांतर मी करतो. सरांनी लगेच हो म्हटलं. म्हणजे पुढं जे झालं त्याची तयारीही माझीच.

मे महिन्यात एका दुपारी पीटर हॉटेलात होता, मी दगडावर. माझा चहा अजून व्हायचा होता. तो मध्येच उठला, ग्लास घेऊन बाहेर आला, कोनाड्यातला कप काढला आणि स्वतःच्या ग्लासातला चहा त्यात ओतला. मला डोळा मारला. "मीही शिकलेला आहे," म्हणाला आणि प्यायला.

आतली माणसं बाकावरनं उठली. तात्या किटली घेऊन तसाच उभा.

"त्यास्नी सांग," तात्या म्हणाला, "त्यो कप कुनाचा हाय."

मी रस्त्याकडं बघू लागलो.

"सांग की. दुभाषा हाईस न्हवं?"

मग मी सांगितलं. आम्हाला शिवत नाहीत. आत येऊ देत नाहीत. हा कप आमचा, म्हणून बाहेर. इतक्या दिवसांत मी केलेलं ते पहिलं खरं भाषांतर.

पीटरचं तोंड आधी पांढरं झालं, मग लाल. मला वाटलं, आता हा माझ्याशेजारी दगडावर बसणार. खरंच वाटलं. मी सरकून जागासुद्धा केली. त्यानं कप खाली ठेवला, जमिनीवर, आणि आबांच्या घराकडं चालू लागला. मी मागनं.

बातमी आमच्या आधी पोचलेली. आबांची म्हातारी आई सोप्यात बसून म्हणत होती, त्याला घरात घ्यायचा न्हाई. आबा अंगणात आले. त्यांना थोडं हसू येत होतं, थोडी लाजही वाटत होती.

"हे बघ," मला म्हणाले, "म्हातारी ऐकंना. त्यास्नी सांग, आंगावर गोमूत्र शिंपडाय लागंल. त्याबिगर आत घेता यायचं न्हाई. नीट सांग. पावना हाय."

पाहुणा होता. नीट सांगायला हवं होतं. मी अंगणात उभा राहून इंग्रजीत सांगितलं: सर, तुम्ही माझ्या कपातून चहा प्यायलात, म्हणून तुम्हाला गाईच्या मुतानं शुद्ध करावं लागेल. एकही चूक झाली नाही. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी. माझ्या विटाळाचं इतकं शुद्ध इंग्रजी आमच्या तालुक्यात कुणी बोललं नसेल.

पीटरनं माझ्याकडं पाहिलं. मी त्याच्याकडं. ते वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी वाट पाहत होतो की ते तो म्हणेल. त्याच्या आज्यापणज्यांचं होतं ते.

तो म्हणाला, "माझं काम अजून दोन महिन्यांचं आहे. मी इथं पाहुणा आहे, यांच्या रीतीला मी नावं ठेवू शकत नाही. तू समजून घेशील."

मग म्हणाला, "तू कपाबद्दल खोटं बोलायला नको होतंस. तू मला अडचणीत आणलंस."

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "सॉरी, सर."

त्यानं मान वाकवली. पोलिसांच्या लाठीसमोर न वाकलेली मान. गड्यानं पितळी तांब्यातून चार थेंब उडवले. वण होता त्याच खांद्यावर. ज्यानं जन्मभर गाय खाल्ली त्याला गाईनंच शुद्ध केलं, आणि सोनं शुद्ध करणाऱ्या गावानं अमेरिकाही गाळून घेतली. आबा म्हणाले, "बास, झालं. चला, जेवाय." आत जाताना पीटर वळला आणि मला 'थँक यू' म्हणाला.

लढाई हरल्यानं देश संपत असेल असं मला वाटत नाही. माझ्यासमोर तो जेवणाच्या ताटासाठी संपला.

घरी दादा दाढी करत होते. माझे वडील. पलटणीतून हवालदार म्हणून पेन्शनीत आलेले. त्यांनी त्या हॉटेलाचा चहा जन्मात घेतला नव्हता. मी सगळं सांगितलं.

"आनि तू काय बोललास?"

"मी काय बोलनार? मी दुभाषा."

दादांनी वस्तरा पुसला. "पलटनीत बिगुलवाल्याला बी बंदूक देत्यात, रं."

एवढंच. पुन्हा आरशाकडं वळले.

त्या दिवशी मी कॉलेजचं पुस्तक काढलं. ज्यानं ते समानतेचं वाक्य लिहिलं त्याच्याच शेतावर गुलाम राबत होते. माणसं. विकत घेतलेली. पुस्तकात हे एका ओळीत होतं. ती ओळ मी आधी वाचलेली होती, पण परीक्षेला येत नाही म्हणून सोडून दिलेली. म्हणजे सुरुवातही अशीच. एका हातानं वाक्य लिहायचं, दुसऱ्या हातानं माणसं हाकायची. पीटर काही नवीन शिकून आला नव्हता. आणि मी मूर्ख दगडावर बसून त्यांच्या वतीनं ते वाक्य सांभाळत होतो.

पीटरचं काम मी सोडलं. पण सांगलीचं भाषण ठरलेलं. मी गेलो.

सभागृह भरलं होतं. आणीबाणीचे दिवस. सरांनी आधीच बजावलं होतं, स्वातंत्र्यावर बोला, पण अमेरिकेच्याच. पीटर इस्त्रीचा सदरा घालून आलेला. मला पाहून हसला, जणू काही झालंच नाही. त्याच्या एकेका वाक्यानंतर मी मराठी सांगत गेलो. राजा, चहावरचा कर, बंड. मग देशाचं दुखणं, हरलेली लढाई, लोकांचा उडालेला विश्वास. "तरीही," तो म्हणाला, "आमच्याकडं एक वाक्य आहे." आणि म्हणाला ते वाक्य. आवाज भरून आलेला.

थांबला. माझी पाळी.

मी थांबलो.

सर पुटपुटले, "अहो, भाषांतर करा."

मी माईकवर मराठीत म्हणालो, "ह्या वाक्याचं भाषांतर मी करणार नाही. हा माणूस ते मानत नाही. आमच्या गावात एका अंगणात ते म्हणायची वेळ आली होती, तेव्हा हा गप्प बसला. मीही गप्प बसलो. याला जेवण हवं होतं आणि मला साहेब हवा होता. पण मी ते मानतो. इथनं पुढं ते माझं म्हणून बोलेन, दुसऱ्या कुणाचं म्हणून नाही."

पीटर शेजारी बसलेल्यांना विचारू लागला, काय म्हणाला तो? कुणी सांगेना. मग मीच सांगितलं. इंग्रजीत, शब्दाला शब्द. त्यानं खाली पाहिलं. सरांनी माझ्या हातातून माईक काढून घेतला. "पाहुण्यांची माफी मागा," म्हणाले.

"नाही मागणार, सर."

"इथं तुम्हाला पुन्हा उभं करणार नाही आम्ही."

"बरं."

टाळ्या वगैरे काही नाही. मागच्या बाकांवरची आमच्या हॉस्टेलची चार पोरं तेवढी उठून माझ्यासोबत बाहेर आली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं गावी गेलो आणि तडक आबांच्या अंगणात. आबा पान लावत बसलेले, आत म्हातारी तांदूळ निवडत होती.

"का रं? साहेब गावात न्हाई."

"साहेबाचं काम न्हाई, आबा. त्या दिशी एक सांगायचं ऱ्हायलं."

"सांग की."

"समदी मान्सं बरोबरीची जल्माला येत्यात. आमी बी. त्यो कप हितनं म्होरं आमच्यातलं कुनी उचलनार न्हाई. चा प्याचा तर बाकावर बसून पिऊ."

आबांचा पानावरचा हात थांबला. "आसं कोन म्हंतं? तुजा अमेरिकावाला?"

"न्हाई. मी म्हंतो."

"कुनाफुडं बोलतुयास, कळतंय न्हवं?"

"कळतंय."

खरंच कळत होतं. दादांच्या जमिनीच्या तुकड्याला आबांच्या विहिरीचं पाणी होतं, ते तुटणार. गिरणीत दळण घेणार नाहीत. आईला कुणी कामाला बोलावणार नाही. हे सगळं मी एसटीतच गृहीत धरलेलं होतं, आणि पुढं ते तसंच झालं. तरी मी ते बोलायचं थांबवणार नव्हतो. एकदाही नाही, कुणापुढंही नाही.

आतून म्हातारीनं विचारलं, "काय म्हंतंय त्ये?"

आबा पुन्हा पान लावू लागले. मग मी उंबऱ्याजवळ गेलो आणि तेच पुन्हा म्हणालो. जरा मोठ्यानं, तिला कमी ऐकू यायचं म्हणून.