ओल्या फळ्या

सावकाशरावांना खरं नाव होतं, पण त्या नावाने त्यांना कुणी हाक मारत नसे. ते सुतार होते. गिऱ्हाइकाने तगादा लावला की ठणकावून सांगत, "आयुष्य थोडकं आहे. म्हणूनच डुगडुगत्या खुर्चीवर बसू नये." गिऱ्हाईक हसे आणि आणखी थांबे.

चर्चमधलं प्रभुभोजनाचं मेज वाळवीने पोखरलं होतं. नवं मेज आपल्या हातचं असावं, एवढंच त्यांना देवाकडे मागायचं होतं. त्यांनी मनाजोगतं लाकूड आणलं. ते ओलं होतं. मध्ये पट्ट्या घालून त्यांनी फळ्या शेडमध्ये रचल्या. दर रविवारी उपासनेहून आले की त्या उलटायच्या. वर्षभर वाळल्या की मगच हात लावायचा. ओलं लाकूड पुढे पीळ खातं.

मध्येच पोट दुखू लागलं. तपासण्या झाल्या. बायको डॉक्टरांशी बोलून बाहेर आली. "आतड्याला सूज आहे," म्हणाली, "पथ्य पाळा." चर्चचे पाळक जुने मित्र, रविवारी जेवायला असायचेच. "मेजाची काय घाई," ते म्हणत, "पुढच्या वर्षी होईल."

एका रविवारी दुखणं बळावलं. उपासनेहून ते परस्पर दवाखान्यात गेले. नेहमीचे डॉक्टर रजेवर होते. नव्या डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले. "आता जड काम नको. या शेवटच्या महिन्यांत..." त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून त्या एकदम गप्प झाल्या. पेशंटला माहीत आहे, असंच त्या धरून चालल्या होत्या.

घरी पाळक जेवायला बसले होते. बायको वाढत होती.

"कधीपासून माहीत होतं?"

बायकोच्या हातातला डाव पातेल्यातच राहिला.

"पहिल्या तपासणीपासून," पाळक म्हणाले. "वहिनींनी शपथ घातली. वाटलं, तुम्ही खचाल."

"मी? गावच्या मयतांच्या पेट्या कोण करतं? आणि प्रत्येक पेटीपाशी उभं राहून तुम्ही काय सांगता, पाळकसाहेब? दिवस थोडे आहेत, जागे राहा. ते काय फक्त परक्यांना?"

"अहो, तुम्ही सुखाने झोपत होतात," बायको पुटपुटली.

"तेच तर! झोपवलंत मला. आणि तू फळ्यांचं दुसरं टोक धरायचीस. पुढच्या वर्षीच्या फळ्या. हसत धरायचीस गं."

"हसत नव्हते हो."

"प्रभूबरोबर जेवणाऱ्यांत एकच दगा देणारा निघाला. माझ्या घरात दोघं."

पाळकांनी ताट सरकवलं.

सावकाशराव टेबलाकडे बघत राहिले. लग्नानंतर स्वतःच केलेलं. रोजच्या वापराने गुळगुळीत झालेलं, हाडासारखं वाळलेलं. त्यांनी त्यावरून तळवा फिरवला.

"ताटं उचल."

"अहो, जेवा तरी."

"उचल म्हटलं ना."

टेबल रिकामं झालं. चर्चच्या मेजासाठी ते शेडमध्ये न्यायला त्यांनी एका बाजूने उचलून पाहिलं. पोटातून कळ आली. टेबल हललं नाही.

"बघत काय बसलात, पाळकसाहेब? तिकडून धरा."

पाळक उठले. "मला माफ केलंत ना?"

"धरा म्हणतो ना. माफीचं नंतर बघू."

'नंतर' हा शब्द तोंडातून गेला आणि ते स्वतःच थबकले. पाळकांनी मान खाली घातली. बायको नवऱ्याच्या बाजूला येऊन वाकली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. फक्त तिला हात घालता यावा एवढी जागा केली.