हाकेला ओ देणारी रेघ

पहिल्याच दिवशी डॉ. रीटा मुनीस यांनी माझ्या नाकाशी एक बारीक नळी लावली, बोटाला चिमटा अडकवला आणि म्हणाल्या, "आता श्वास रोखून धर. मी सांगेपर्यंत सोडायचा नाही."

मी नोकरीवर रुजू व्हायला आलो होतो. अत्यवस्थ माणसांना विमानाने मोठ्या शहरातल्या इस्पितळात आणणाऱ्या कंपनीत मला नर्सचं काम मिळालं होतं. पुरुष नर्सला आपल्याकडे ब्रदर म्हणतात, तसा मी ब्रदर मिलिंद. रीटा मॅडम तिथल्या भुलीच्या डॉक्टर, पन्नाशी ओलांडलेल्या, भाईंदरजवळच्या उत्तन कोळीवाड्यातल्या. माझ्यापुढे एक छोटा पडदा होता. बोटाच्या चिमट्याचा आकडा रक्तातला ऑक्सिजन दाखवत होता, अठ्ठ्याण्णव. त्याखाली एक पिवळी रेघ होती. मी श्वास सोडला की ती वर चढायची, आत घेतला की खाली यायची. बाहेर टाकलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारी ही रेघ, आम्ही तिला कॅप्नो म्हणतो. मी श्वास रोखला आणि ती तिथल्या तिथे आडवी झाली. बोटाचा आकडा मात्र मजेत अठ्ठ्याण्णव. छाती फुटायला आली, डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी अठ्ठ्याण्णवच.

"सोड आता," मॅडम म्हणाल्या. "बघितलंस? तू इथे मरायला टेकलास आणि बोट म्हणतंय सगळं मस्त चाललंय. रेघेने पहिल्या क्षणाला सांगितलं. वर आकाशात कुणाचं ऐकशील?"

"रेघेचं."

"आणि रेघ गेली तर काय करशील?"

मी पुन्हा पडद्याकडे बघायला लागलो. त्यावर त्या जे म्हणाल्या ते मी पुढे शंभरदा ऐकलं. "आधी माणूस बघायचा, मशीन नंतर."

मॅडमइतकी भित्री बाई मी आयुष्यात पाहिली नाही. विमान धावपट्टीवर धावायला लागलं की त्यांचे ओठ पुटपुटू लागत आणि एक हात गळ्यातल्या क्रूसावर जाई. दुसरा हात पेशंटच्या नळीवर. त्या डुलकी लागलेल्या कोणत्याही माणसाच्या नाकापुढे हाताची मागची बाजू धरून बघायच्या. ड्रायव्हर असो, वॉचमन असो, विमानतळावर बाकावर पेंगणारा कुणी अनोळखी असो. एकदा एका गृहस्थाने दचकून डोळे उघडले आणि नाकापुढे बाईंचा हात पाहून बोंब ठोकली. "सॉरी अंकल, चालू आहे तुमचं," म्हणून मॅडम पुढे निघाल्या. आम्ही पोट धरून हसलो होतो.

आमचा पायलट त्यांना चिडवायचा. "मॅडम, इतना डर लगता है तो ये काम क्यों करती हो?"

"जिसको डर नहीं लगता, उसको मैं पेशंट के बाजू में बैठने नहीं देती," मॅडम म्हणायच्या. हसायच्या नाहीत.

आमच्या विमानात दोघांना धड बसायला जागा नसे. इंजिनांचा आवाज इतका की छातीला स्टेथोस्कोप लावून काही उपयोग नाही आणि मशीनचा अलार्मही ऐकू येत नाही. म्हणून मॅडमनी एक पद्धत पाडली होती. थोड्या थोड्या वेळाने त्या ओरडायच्या, "हाय का?" पडद्यापाशी बसलेल्याने लगेच ओरडून सांगायचं, "हाय! पस्तीस!" म्हणजे श्वास आहे आणि रेघेचा आकडा पस्तीस आहे. नुसती मान हलवलेली चालत नसे. उशीर झाला तर त्या बेल्ट सोडून उठायच्या.

ही पद्धत त्यांच्या वडिलांच्या होडीवरची. सुकाणूवरचा माणूस हाक मारणार, पुढच्या टोकावरचा ओ देणार. त्यांनी मला हे एकदाच सांगितलं, घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये आमची गाडी अडकली होती तेव्हा. "धुकं होतं. पुढे माझा काका बसलेला. दोन दिवस झोपला न्हवता. बाबांना वाटलं, डोळा लागला असेल, कशाला उठवायचं. मायेपोटी हाक मारली न्हाय रे. धुकं विरलं तर पुढे कोणीच न्हाय." एरवी माझ्याशी शहरी मराठी बोलणाऱ्या मॅडमच्या तोंडी त्या दिवशी घरची भाषा आली होती.

त्यांची भीती खरी कशासाठी आहे ते मला एका दुपारी कळलं. जळगावहून एका तरुण मुलाला आणत होतो, डोक्याला मार, घशात श्वासाची ट्यूब, व्हेंटिलेटरवर. विमान ढगात शिरलं आणि खिळखिळं झाल्यासारखं हादरायला लागलं. "हाय का?" मी पडद्याकडे पाहिलं. रेघ आडवी. बोटाचा आकडा सत्त्याण्णव. कॅप्नोच्या बारीक नळीत नेहमी पाणी साठतं, म्हणून माझा हात ती झटकायला गेला. तेवढ्यात मॅडम माझ्या अंगावरूनच पलीकडे गेल्या. "माणूस बघ, माणूस!" हादऱ्याने ट्यूब घशातून बाहेर सरकली होती. त्यांनी ती काढली, मास्क दाबून धरला, मला हाताने श्वास देणारी अँबू बॅग दाबायला लावली आणि त्या हादऱ्यातच गुडघ्यांवर बसून नवी ट्यूब घातली. रेघ उठली. मुलगा वाचला. जमिनीवर उतरल्यावर मॅडम गाडीच्या चाकामागे जाऊन ओकल्या आणि मग ग्लुकोजची बिस्किटं खात बसल्या. "दर वेळी वाटतं, आज जाणार आपल्या हातून," त्या म्हणाल्या. "वाटायचं थांबलं की मी घरी बसेन."

आमची आई मूळची नांदेडकडची, आता भाईंदरच्या खारीत आमच्यासोबत राहते. मी विमानात बसतो म्हणून ती सुरुवातीला जेवायची नाही. मॅडमचे किस्से ऐकल्यावर म्हणाली, "ती बाई भित्री हाय ना? मग मला तुझा घोर न्हाई."

गेल्या वर्षी मॅडम कोल्हापूरला भुलीच्या डॉक्टरांच्या परिषदेत बोलायला गेल्या. याच रेघेवर बोलणार होत्या. गेल्या मात्र मोटारीने. "पेशंट नसताना विमानात बसून फुकट कशाला मरू?" दुसऱ्या दिवशी फोन आला. मॅडम बोलता बोलता कोसळल्या होत्या. मेंदूत रक्तस्राव. त्यांना मुंबईला आणायचं होतं आणि ड्यूटी माझी होती.

मॅडम स्ट्रेचरवर होत्या. डोळे मिटलेले, तोंडात ट्यूब, क्रूस कुणीतरी काढून पिशवीत ठेवलेला. मी तो त्यांच्या हातात दिला, हात मिटला नाही म्हणून पट्टीने बांधला. सोबत डॉ. शाह होते, नवे, हुशार, भाईंदरचेच. मी त्यांना पडद्यापाशी बसवलं, मी डोक्याशी बसलो आणि सांगितलं, मी विचारलं की मोठ्याने ओ द्यायची.

"हाय का?"

"है! पैंतीस!"

घाट ओलांडेपर्यंत असं चाललं. माझा घसा बसला. मग एकदा मी विचारलं आणि उत्तर आलं नाही.

"मिलिंदभाई, लाइन फ्लॅट है," डॉ. शाह ओरडले. "सॅच्युरेशन ठीक है, नली ब्लॉक हुई होगी."

"पहले आदमी!" माझ्या तोंडून निघालं. ट्यूबवरची खूण ओठांपाशी होती तिथेच होती, म्हणजे ट्यूब सरकली नव्हती. मी व्हेंटिलेटर काढून अँबू बॅग जोडली आणि दाबली. छाती उठतेय की विमान हलतंय, कळेना. मॅडमच्या चेहऱ्याकडे मला बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना. मी मनात कुणाकुणाचा धावा केला ते सांगत नाही. माझ्या हाताखाली आपलं माणूस मरतंय आणि आपल्याला कळतही नाही, ही भीती मी त्या दिवशी पहिल्यांदा पुरती ओळखली. डॉ. शाहांनी नवी ट्यूब हातात घेतली होती. मी बॅग दाबता दाबता दुसऱ्या हाताने कॅप्नोची नळी तिच्या टोकापासून चाचपत गेलो, तर ती स्ट्रेचरच्या बेल्टखाली चिमटली होती. सोडवली. रेघ चढली.

"है," डॉ. शाह म्हणाले. मग जोरात, "है! पैंतीस!" आम्ही दोघेही रडत होतो.

मॅडम वाचल्या. उजवी बाजू मात्र लुळी पडली आणि बोलणं गेलं. आता त्या उत्तनला धाकट्या बहिणीकडे असतात. सुट्टी असली की मी भाईंदरहून बस पकडतो. बहीण म्हणते, "सगळे डॉक्टर झाले, स्पीच थेरपी झाली, तोंडातून शब्द न्हाय." मी गेलो की मॅडम बघतात, डावा हात उचलतात. मी विमानातल्या गोष्टी सांगतो. नव्या मुलांना पहिल्या दिवशी श्वास रोखायला लावतो, तेही सांगतो. त्यांना किती कळतं, मला ठाऊक नाही.

मागच्या रविवारी गेलो तेव्हा बहीण चर्चमध्ये होती. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत होते आणि मॅडम खुर्चीत मान टाकून पडल्या होत्या. अगदी स्तब्ध. अंगावरची शाल जाड, छाती हलताना दिसेना. मी हाक मारली. काही नाही. मी त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसलो आणि हाताची मागची बाजू त्यांच्या नाकापुढे धरली. वारा सुटला होता, त्यामुळे काहीच समजेना. खिशातला फोन काढून कुणाला बोलवावं हेही सुचेना. तोंडून आपोआप निघालं, तेही विमानातल्यासारखं ओरडून.

"हाय का?"

डोळे मिटलेलेच होते. ओठ हलले.

"हाय," मॅडम म्हणाल्या. "पस्तीस."