कांजण्याच आहेत

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. तुळजापूरला देवीपुढं उभा राहिलो तेव्हा तिलाही नाही. तिला सांगावं लागत नाही म्हणतात, पण मी मनातल्या मनातसुद्धा ते वाक्य कधी पुरं केलं नाही. आता तुम्हांला सांगतो आहे. तुम्हांलाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो. गाव उमरग्यापासून दोन कोस आत, अर्धं मराठी, अर्धं कानडी बोलणारं. निजामाचं राज्य जाऊन काही वर्षं झाली होती. शाळेतली उर्दू गेली होती, मराठीची पुस्तकं आली होती, आणि त्यांच्यासोबत मी आलो होतो, परंड्याहून, वयाच्या सव्विसाव्या वर्षी. सांगितलं ते काम मनापासून करायचं वय होतं ते.

दर वैशाखात, शाळा उघडण्याआधी, देवी टोचणारा माणूस गावात यायचा. खरं तर तो डॉक्टर नव्हता, पण सगळे त्याला देवीडॉक्टर म्हणत. सायकलच्या मागं पेटी, पेटीत लस आणि ते हत्यार — दाते असलेली छोटी गोल चकती. ती दंडावर ठेवून पिळायची. पोरं किंचाळायची. लोक त्याला बघून लेकरं कडब्याच्या गंजीमागं लपवायचे. देवी ही देवीच्या मर्जीनं येते, तिला सुईनं अडवायचं म्हणजे तिचा कोप — असं म्हणणारी शहाणी माणसंही होती.

मी घरोघर फिरलो. समजावलं, चिडलो, हात जोडले. तीन वर्षांत असं झालं की डॉक्टर आला की आया आपणहून लेकरं घेऊन शाळेच्या ओट्यावर यायच्या. मी एकेकाला मांडीवर घ्यायचो, दंड धरायचो, "झालं, झालं बाळा" म्हणायचो. लोक म्हणायचे, गुरुजींनी धरलं की पोरगं कमी रडतंय.

आणि माझा मुलगा?

सुधाकर आम्हांला लग्नानंतर नऊ वर्षांनी झाला. माझी बायको, सुशीला, सारखी म्हणायची, "अहो, गावाच्या लेकरांना टोचता, आपल्याला कधी?" तुम्हांला वाटेल, तीच आडवी येत असेल. नाही. ती मागं लागलेली होती. मीच टाळत होतो. ती चकती मी शेकडो दंडांवर फिरताना पाहिली होती — नंतरची सूज, पू, खपली, ताप. दुसऱ्यांच्या लेकरांचं ते मला बघवत होतं. माझ्या लेकराचं बघवणार नव्हतं. बास, एवढंच. यामागं काही मोठं दुःख नाही, काही श्रद्धा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी एकटाच त्याला घेऊन परंड्याला गेलो आणि परत येऊन सांगितलं, टोचून आणलं. पंधरा दिवसांनी सुशीलानं त्याचा दंड बघितला. खपली नाही, व्रण नाही. मी म्हणालो, लस धरली नाही, एखाद्याला धरत नाही. पुढच्या वर्षी तेच सांगितलं. तिनं विश्वास ठेवला. मास्तरवर सगळं गाव विश्वास ठेवायचं, तिनं का ठेवू नये?

सुधाकर सहा वर्षांचा झाला, पहिलीत जायचा झाला. त्या वैशाखात डॉक्टर ओट्यावर बसला आणि मी नव्या मुलांची यादी वाचू लागलो. पहिलं नाव सुधाकरचंच होतं. मी म्हणालो, त्याला परंड्याला दोनदा टोचलंय, धरली नाही. डॉक्टर हसून म्हणाला, "मग तिसऱ्यांदा टोचू की गुरुजी. आणा त्याला." ओट्यावर वीस-पंचवीस बायका बसलेल्या. मी म्हणालो, तो घरी आहे, थोडा ताप आहे त्याला, पुढच्या खेपेला बघू. आणि यादीत त्याच्या नावापुढं माझ्याच हातानं लिहिलं — टोचले.

त्याच दिवशी शेजारच्या शरणव्वा त्यांची तान्ही मुलगी घेऊन आल्या होत्या. गौरव्वा तिचं नाव, तीन महिन्यांची. दोन मुलं जाऊन ही जगलेली. तिला मात्र खरंच ताप होता. डॉक्टर म्हणाला, महिन्यानं मी शेजारच्या गावी मुक्कामाला आहे, तेव्हा येऊन टोचतो. शरणव्वा नाराज झाल्या. त्यांना आजच टोचून हवं होतं. माझ्या सांगण्यानं त्यांचा एवढा विश्वास बसला होता.

पुढच्या आठवड्यात आम्ही तुळजापूरला गेलो. शाळेत घालण्याआधी मुलाला देवीच्या पायावर घालावं, ही सुशीलाची इच्छा. दोन दिवस पुजाऱ्यांच्या घरी उतरलो. बाजूच्या खोलीत सोलापूरकडचं एक कुटुंब होतं, त्यांचं एक पोर पांघरूण घेऊन पडून असायचं. सुधाकर त्याच्या अंथरुणाशी बसून गोट्या खेळायचा. मी पाहिलं होतं. काही वाटलं नाही मला. मला वाटायला हवं होतं की नाही?

शाळा उघडायला आठ दिवस असताना सुधाकरला ताप भरला. तिसऱ्या दिवशी अंगावर पुरळ. सुशीला म्हणाली, "कांजण्या दिसतात." मीही म्हणालो, कांजण्या. तेव्हा मला खरंच तसं वाटलं — तेव्हा. पण दोन दिवसांनी मी त्याचे तळपाय पुसत होतो, आणि तळपायावर टणक दाणे होते. तळहातावर होते. हे डॉक्टरनंच मला शिकवलं होतं, मीच ते ओट्यावर सगळ्या बायकांना शिकवलं होतं — तळहात-तळपायावर दाणे आले तर कांजण्या समजू नका, लगेच मला सांगा.

मी कुणाला सांगणार होतो?

त्याच सकाळी शरणव्वा ताकाचा तांब्या घेऊन दारात आल्या. गौरव्वा कडेवर. सुशीला चार रात्री झोपली नव्हती, तिला जरा आडवं होऊ द्यावं, मी बसते पोराजवळ, असं त्या म्हणाल्या. मग उंबऱ्यावरच थांबल्या. आत आल्या नाहीत. हे मला स्पष्ट आठवतं. थांबल्या, आणि त्यांनी विचारलं.

"गुरुजी, कांजण्याच हायत न्हवं? माझ्यापशी कूसू हाय म्हून इचारते." तान्ह्याला त्या कूसू म्हणायच्या.

मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो. काय आलं माझ्या मनात? यादी आली. टोचले, हा शब्द आला. गुरुजींचा पोरगाच टोचलेला नव्हता — हे ओट्यावरच्या बायका कशा बोलतील, ते आलं. त्यांच्या कडेवरचं लेकरू माझ्या समोर होतं, आणि ते मनात आलं नाही. हेच तुम्हांला सांगायचं होतं.

मी म्हणालो, "कांजण्याच आहेत, शरणव्वा. या आत."

या आत — हेही मीच म्हणालो.

त्या आल्या. त्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशीही. गौरव्वाला सुधाकरच्याच वाकळेच्या कडेला निजवायच्या, त्याला ताक पाजायच्या, कडुलिंबाच्या डहाळीनं वारा घालायच्या. डॉक्टर शेजारच्या गावी येऊन राहिला होता, चार मैलांवर. मी एक निरोप धाडला असता तर दुपारपर्यंत त्याची सायकल दारात उभी राहिली असती. तान्हीला लगेच टोचलं असतं. अशा वेळी वेळेत टोचलं तर रोग अडतो, हेही मला माहीत होतं. मी रोज सकाळी ठरवायचो, आज निरोप धाडू. रोज संध्याकाळ व्हायची.

सुधाकर वाचला. चेहऱ्यावर व्रण राहिले, डोळे शाबूत राहिले. गौरव्वाला बाराव्या दिवशी ताप आला. अंगावर पुरळ उठल्यावर शरणव्वांचा नवरा सायकल काढून डॉक्टरला घेऊन आला. तो म्हणाला, देवी आहेत. पाचव्या दिवशी ती गेली. एवढीशी होती. तिला पुरायला फार माणसं लागली नाहीत. मी गेलो होतो.

डॉक्टर मग आमच्या घरी आला. सुधाकरचा डावा दंड बघितला, उजवा बघितला. चकती एकदा जरी फिरली, तरी बारीक खूण राहते, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. म्हणाला, "गुरुजी, मी 'तिसऱ्यांदा टोचू' म्हणालो होतो." एवढंच. तिसऱ्यांदा हा शब्द त्यानं सावकाश उच्चारला. पुढं कुणाला तो काही बोलला नाही. का नाही बोलला, ते मी त्याला विचारलं नाही.

गावात दुसरं कुणी आजारी पडलं नाही. सगळी टोचलेली होती. लोक म्हणाले, गुरुजींमुळं गाव वाचलं. कांजण्या का देवी हे ओळखायला मास्तर काय डॉक्टर हाय व्हय, असंही म्हणाले. मी मान खाली घालून ऐकलं. त्यांना ती नम्रता वाटली.

शरणव्वा महिन्याभरानं सुशीलाजवळ बसून रडल्या. म्हणाल्या, "माझंच चुकलं बाई. वलं कूसू घिऊन म्या घराभायेर पडाया नगं हुतं. सासू नगं म्हनत हुती." मी आतल्या खोलीत वह्या तपासत होतो. बाहेर येऊन म्हणालो, "असं मनाला लावून घेऊ नका, शरणव्वा. तुमचा काही दोष नाही." फार मायेनं म्हणालो. सुशीलाचे डोळे भरून आले. माझा नवरा किती चांगला, असं तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तेव्हा एक वाक्य पुढं बोलायचं राहिलं होतं. जागा होती, ऐकणारी दोन माणसं होती. मी परत आत गेलो.

शरणव्वांना पुन्हा मूल झालं नाही. सासूनं त्यांना आयुष्यभर बोल लावला. आमच्या भिंतीला लागून त्यांची भिंत, सगळं ऐकू यायचं.

तीन वर्षांनी माझी बदली झाली. सडकेवर मोटारीची वाट बघत उभे होतो, तेवढ्यात शरणव्वा घाईघाईनं आल्या. धडप्यात बांधलेल्या ज्वारीच्या भाकरी आणि शेंगाची चटणी सुशीलाच्या हातात दिली. सुधाकरच्या तोंडावरून, त्या व्रणांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. माझ्या पाया पडल्या. मी पडू दिलं.

नळदुर्ग मागं टाकल्यावर सुशीलानं धडपा सोडला. भाकरी अजून मऊ होत्या. मला भूक लागली होती. मी दोन खाल्ल्या.