ओळख न दाखवण्याचा धंदा

माझे केस माझेच आहेत, हे प्रारंभीच नमूद करतो. अलीकडे हे वाक्य इतक्या लोकांपुढे उच्चारावे लागले आहे की आता ते मलाच संशयास्पद वाटू लागले आहे. या आपत्तीचे उगमस्थान म्हणजे माझे भावोजी, थोरल्या बहिणीचे यजमान. दोष मात्र, न्यायाने बोलायचे तर, त्यांचा सर्वांत कमी.

भावोजी केसांचे टोप तयार करतात. एकेक केस बारीक जाळीत गाठ मारून ओवायचा, उरल्यासुरल्या केसांशी रंग जुळवायचा, असे डोळ्यांची परीक्षा पाहणारे काम. टोप आहे हे कोणालाही कळू नये, हाच या कारागिरीचा कस. साहजिकच उत्तम कामाची पोचपावती म्हणजे संपूर्ण शांतता. दुकानाला पाटी नाही. चढायचा जिना एक, उतरायचा दुसरा. रस्त्यात गिऱ्हाईक समोर आले तरी भावोजी ओळख दाखवत नाहीत.

"अहो, ते तुमच्याकडे बघून हसले! तुम्ही तोंड काय फिरवलंत?" बहिणीने एकदा विचारले.

"हसले ही त्यांची चूक. तोंड फिरवणं हा माझा धर्म."

अशा दुकानावर संकट आले. तयार टोप घरपोच मिळू लागले; मोबाइलवर बोट टेकवावे आणि खोक्यातून मस्तक हजर व्हावे. गिऱ्हाइके गळू लागली. रोज रिकामी खुर्ची पुसणारे भावोजी दुकान विकून टाकण्याची भाषा बोलू लागले, आणि ज्या माणसाला दुसरे काहीही येत नाही त्याने असे बोलावे, याने बहिणीच्या तोंडचे पाणी पळाले. तेव्हा बहिणीच्या सूनबाई पुढे सरसावल्या. समाजमाध्यमांवर व्यवसाय कसा वाढवावा, याचा एक अल्पमुदतीचा अभ्यासक्रम त्यांनी नुकताच पूर्ण केला होता. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे म्हणजे काय, हे मला त्या दिवसांत नीट समजले.

"बाबा, फोटो हवेत. आधीचे आणि नंतरचे."

"अगं, आधीचं दिसू नये म्हणून तर माणूस माझ्याकडे येतो!"

"मग निदान दोन शब्द लिहून द्यायला सांगा. काम आवडलं म्हणून."

"आवडलं तर परत येतात. लिहून कशाला देतील?"

"गप्प बसून ब्रँड होत नसतो, बाबा."

पान उघडले गेले. मस्तक उपलब्ध नसल्याने त्यावर भावोजींच्या कंगव्याचे छायाचित्र झळकले. पान पाहिले पुष्कळांनी, पसंती नोंदवली एकानेही नाही. खुद्द सूनबाईंच्या मातोश्रींनीही नाही. "लोक म्हणतील, हिला टक्कल पडलंय," त्या म्हणाल्या.

इथे शहाण्या माणसाने माघार घेतली असती. सूनबाईंनी मात्र एका दुपारी दुकानाच्या फोनमधले यच्चयावत क्रमांक उचलले आणि एक गट स्थापन केला: 'आमचा समाधानी ग्राहक परिवार'. त्यात बँकेचे व्यवस्थापक होते, दातांचे डॉक्टर होते, गायनशिक्षक होते, वकीलसाहेब होते. शिवाय नळ दुरुस्त करणारा होता आणि, नात्यामुळे क्रमांक फोनमध्ये असल्याने, मीही होतो. प्रत्येकाला प्रत्येकाचे नाव दिसत होते. गट सोडावा तर 'अमुक बाहेर पडले' अशी दवंडी पिटली जाणार. राहावे तर टक्कल मान्य केल्यासारखे. कोणी हलेना, कोणी बोलेना. एकटा नळवाला लिहिता झाला, "माझे केस चांगले आहेत. चुकून घातलंय." त्यासरशी सर्वांची खात्री पटली की पहिला टोपवाला तोच.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात एका कनिष्ठ सहकाऱ्याने, ज्याच्या घरचे नळही तोच दुरुस्त करतो, माझ्या कपाळाकडे आदराने पाहिले. "साहेब, काय बसलाय हो!"

मी तडक दुकान गाठले. तिथे परिवार जमलेलाच होता. आयुष्यभर एकमेकांना चुकवत आलेले हे सद्गृहस्थ त्या सकाळी एकाच जिन्यावर एकमेकांवर आदळले होते.

"हा विश्वासघात आहे!" वकीलसाहेब गरजत होते. "मी दावा लावीन! दुकानाला कुलूप ठोकीन!"

"तुम्ही कशाला तसदी घेता? मीच ठोकतो," भावोजी हात जोडून म्हणाले. सूनबाई कपाटाआड डोळे पुसत होत्या. "चूक आमची. गट बंद, पान बंद, दुकानही बंद." बोलता बोलता भावोजींची नजर वकीलसाहेबांच्या कपाळावर खिळली आणि आवाज बदलला. "पण साहेब, हा माझा नाही."

"काय तुमचा नाही?"

"डोक्यावरचा. पट्टीनं आखल्यासारखी कड आहे, आणि तुम्ही ओरडलात की वर सरकतोय. खोक्यातला आहे हा."

वकीलसाहेबांचा हात नकळत वर गेला.

"मला मघाशीच कळलं होतं," व्यवस्थापक म्हणाले. "यांचा तेवढा कळतो. बाकी कोणाचा…" ते थांबले. त्यांनी आजूबाजूला पाहिले. "डॉक्टर, म्हणजे तुमचाही?"

"तुम्हाला काय वाटलं, मी यांचे दात बघायला आलोय?"

मग सर्वजण एकमेकांची कानशिले न्याहाळू लागले. गायनशिक्षकांनी तर माझ्याभोवती प्रदक्षिणा घातली. "हे काम अप्रतिम आहे."

"माझे केस खरे आहेत."

"आम्हीही घरी असंच सांगतो," ते प्रेमाने म्हणाले.

वकीलसाहेब एव्हाना खुर्चीत बसले होते. "नवा कधी मिळेल?"

"दुकान बंद करतोय ना!"

"असं कसं बंद करता? आम्ही जायचं कुठं? खोक्यात?"

"मग गट ठेवू का?" कपाटाआडून आशेने प्रश्न आला.

"नको!" परिवार प्रथमच एकमुखाने बोलला.

गट मोडण्यापूर्वी एक पेच उरला. नावे एकेक करूनच काढावी लागत होती, आणि शेवटी एकटे उरायला कोणीही राजी नव्हते. "शेवटी मी राहतो. दुकान माझंच आहे," भावोजी म्हणाले आणि त्यांनी फीत काढून वकीलसाहेबांच्या मस्तकाचे माप घ्यायला सुरुवात केली.

"कानशिलाशी चार पांढरे ठेवू? खरं वाटतं."

"ठेवा," वकीलसाहेब म्हणाले. "आज सकाळपासून तेवढे पिकलेच असतील."