अंगणातला डाग

फोन आला तेव्हा मी भजी तळत होते. वणीहून भाऊच्या शेजाऱ्यांचा होता. "ताई, भाऊची जीप राजूरच्या रस्त्यावर बंद पडली," म्हणाले आणि थांबले. मग पुन्हा तेच. जीपचं दोनदा सांगितलं, भाऊचं मात्र काही सांगेनात... कढईत सरकीचं तेल होतं. तेव्हापासून तो वास मला सोसत नाही.

मिलिंद माझा थोरला भाऊ, वणीच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. कापसाचे हे वाईट दिवस; जो तो मोगली एरंडापासून डिझेल करायच्या गोष्टी सांगतो. भाऊच्या डोक्यात मात्र सरकी शिरली. "कापसाले भाव नाही ना, त सरकीले काम देऊ," म्हणाला आणि घरामागच्या पत्र्याखाली पिंपात सरकीच्या तेलाचं डिझेल करू लागला. त्याची जुनी जीप त्यावर खरंच धावली. ती गेली की मागे भज्यांचा वास रेंगाळायचा. पोरं म्हणायची, सर येऊन राह्यले, चटणी काढा. मीही हसायचे. झरी जामणी तालुक्याच्या गावागावांत जीप नेऊन हे लोकांना दाखवायचं, एवढंच त्याला हवं होतं. त्यापुढे त्याला घरदार दिसत नव्हतं, हेही सांगायला हवं.

मग जीपच्या रबरी नळ्या बिघडू लागल्या. साध्या डिझेलवर वर्षानुवर्षं टिकलेलं रबर या तेलात फुगायचं, मऊ पडायचं, हाताला चिकटायचं. एकदा त्याने माझा अंगठा धरून एका नळीवर दाबला. अंगठ्याचा खड्डा तसाच राहिला, भरून आला नाही. मला शिसारी आली. भाऊ मात्र खूश होता, कारण खोड सापडली होती. नागपूरहून या तेलाला दाद न देणाऱ्या रबराच्या नळ्या त्याने आणल्या, इंजिनाजवळच्या सगळ्या बदलल्या, आणि रोज सकाळी चहाआधी बॉनेट उघडून एकेक नळी अंगठ्याने दाबून बघायचा. वैद्याने नाडी बघावी तसा.

पण अंगणात जीप उभी राहायची तिथला तेलाचा ओला डाग काही जाईना. वहिनी रोज त्याच्यावर राख टाकायची, दुसऱ्या दिवशी राख काळी झालेली असायची. मी वणीला गेले होते तेव्हा ती त्याला म्हणाली, "डाग मांगं हाय, तुम्ही समोरच पाहून राह्यले."

"मले माहीत हाय. टाकीजवळचा जुन्या नळीचा तुकडा राह्यला," भाऊ म्हणाला. "त्याले टाकी उतरवा लागते. दिवाळीच्या सुट्टीत पाहू."

वहिनीने राखेची मूठ डागावर टाकली. मी नळीवर वाकलेल्या त्याच्या पाठीकडे बघत होते, आणि का कोण जाणे, मला भीती वाटली.

आपल्याकडचे ड्रायव्हर म्हणतात, गाडीने एअर घेतली. टाकीजवळची नळी सैल झाली की उभ्या गाडीतून तेल ठिबकतं आणि चालत्या गाडीत हवा शिरते. मग इंजिन धडधडून गप्प होतं. राजूरच्या एका ओळखीच्याला जीप दाखवायला भाऊ निघाला होता. खाणीच्या ट्रकांनी उडवलेल्या कोळशाच्या धुळीत रस्ता दिसत नव्हता. जीप मधोमध बंद पडली. तो उतरून पुढे बॉनेटमध्ये वाकला... तिथल्या सगळ्या नळ्या नव्या होत्या. मागून आलेल्या ट्रकला जीप दिसली तेव्हा उशीर झाला होता.

मला त्याचा राग येतो. माहीत होतं त्याला. त्याला सगळं माहीत होतं.

परवा वणीला गेले. जीप आता नाही. वहिनीने अंगण नीट उकरून, नवी माती घालून सारवलं होतं. सकाळी उठले तर ती हातात राख घेऊन उभी होती. सारवणावर काळा डाग पुन्हा वर आला होता, तेवढाच, त्याच जागी. वहिनीने वाकून त्यावर अंगठा दाबला.

"ओलंच हाय," ती म्हणाली. "आजपासून दिवाळीची सुट्टी लागली ना त्याहिले."