डॉमनिक अंकलना वरून काय दिसतं

चढाई करणारे एकत्र बसले की चहा निवायच्या आत किस्से सुरू होतात. आमचे तर सगळे 'वरून काय दिसलं' याचेच. पूर्वी हसून हसून पोट दुखायचं. हल्ली कोणीतरी मध्येच विषय बदलतं.

आम्ही पाच जण. मी नौपाड्यात फिजिओथेरपिस्ट, सावंत, केतकी, तिचा नवरा मंदार आणि डॉमनिक अंकल. अंकल वागळे इस्टेटमधल्या कारखान्यातून टर्नर म्हणून रिटायर झालेले. आम्हा चौघांना कातळाला हात लावायला त्यांनीच शिकवलं.

त्यांचाच एक नियम. पहिला माणूस कडा चढून वरच्या टप्प्यावर पोचला की खालून ओरडून विचारायचं, "काय दिसतंय?" त्याने तीन गोष्टी सांगायच्या. अडखळला किंवा भलतंच बोलला तर खाली उतरवायचा. ऊन लागलेल्या माणसाला आपलं डोकं फिरलंय हे कळत नाही, म्हणून ही भानगड.

* * *

नियमात पहिला सापडला तो सावंत. मे महिना, मुंब्र्याचा डोंगर. वर पोचून साहेब म्हणतात, "आमची गच्ची दिसतेय. आई पापड घालतेय."

त्याचं घर सांगलीला!

खाली घेतला, सावलीत बसवला, मीठसाखरेचं पाणी पाजलं. संध्याकाळी त्याने घरी फोन लावला. आई म्हणाली, दमले रे बाबा, दुपारभर गच्चीत पापडच घालत होते. तेव्हापासून सावंत मे महिन्यात मुंब्र्याला येत नाही. कारण विचारलं तर उकाड्याचं सांगतो.

* * *

मागच्या वर्षी अंकल माझ्या क्लिनिकमध्ये आले. मला वाटलं खांदा दुखतोय. ते दार लावून बसले आणि म्हणाले, काचबिंदू आहे, कडेकडेचं दिसेनासं झालंय, समोरचंही धूसर.

"बाय, ग्रुपला सांगू नको. दोर काढून घेतील माझा. बायको गेल्यापासून तेवढाच एक रविवार आहे मला."

मी सांगितलं नाही. चूक होती ती, सरळ कबूल करते. पण त्या माणसाला नाही कसं म्हणायचं?

* * *

मग मलंगगड. अंकल पुढे, दोर माझ्या हातात. मी विचारलं आणि वरून खणखणीत आवाज आला, "कल्याणची खाडी, माथेरानची रांग, डोंबिवलीचे टॉवर."

मंदार माझ्याकडे बघायला लागला. सकाळपासून अख्खा गड ढगात होता. मला माझ्या बुटाची नाडी नीट दिसत नव्हती!

"अंकल, ढगातून दिसतं का तुम्हाला?" सावंत ओरडला.

"मला दिसतं," ते म्हणाले. सगळे हसले. मला कळलं, या माणसाने प्रत्येक टप्प्यावरचा नजारा पाढ्यांसारखा पाठ केलाय.

* * *

पाठच केला असता तर बरं होतं.

दिवाळीनंतर परत मुंब्रा. अंकलनी सांगितलं, "खाडीत निळी होडी. दोन माणसं. एक उभा." त्यांच्या मागून केतकी वर गेली. खाडीला ओहोटी, नुसता चिखल, होडीचं नाव नाही. म्हातारा फेकतोय म्हणून तिने सोडून दिलं. तासाभराने भरती चढली, आणि वळणावरून निळी होडी आली. दोन माणसं. एक उभा.

पुढच्या दोन रविवारी तेच. अंकल सांगायचे ते त्या वेळी नसायचं, तासाभराने यायचं. आम्ही घड्याळ लावून बघितलं. नंतर बघणंच सोडलं.

* * *

आणि हा गेल्या महिन्यातला. परत मलंगगड, स्वच्छ ऊन. अंकल टप्प्यावर पोचले. मी विचारलं.

"माथेरानची रांग." मग म्हणाले, "खाली आपली गाडी."

"तिसरं, अंकल?"

"गाडीपाशी तुम्ही उभे आहात. मोजतोय मी, बाय. चारच भरताय."

तासाभराने आम्ही खाली पोचणार होतो, पाच जण. त्यांना एवढ्या लांबचं दिसत नाही, हे मी तिथेच सगळ्यांसमोर बोलून टाकलं. मग वर ओरडले, "अंकल, आत्ताच्या आत्ता उतरा."

"उतरलो तर परत दोर देशील?"

खोटं बोलता आलं असतं. नाही बोलले. "नाही देणार," म्हटलं.

ते उतरले. एक पाऊल चुकलं नाही. खाली येऊन हार्नेस सोडला, दोर गुंडाळून माझ्याकडे दिला आणि केतकीच्या खांद्यावर हात ठेवून निमूट चालायला लागले. सबंध वाट मी त्यांच्या मागे, नजर त्यांच्या टाचांवर.

गाडीपाशी पोचलो. सावंतने बोट दाखवून मोजलं. एक, दोन, तीन, चार, पाच. मंदारने हुश्श केलं, मी तर रडायलाच लागले. चुकले अंकल एकदाचे!

अंकल हसत नव्हते. ते कड्याकडे तोंड करून उभे होते. त्यांनी हात वर केला आणि हलवला.

"कोणाला हात करताय?" मी विचारलं.

"वर राहिलेल्या डॉमनिकला," ते म्हणाले. "अजून मोजतोय तो."